गुंज, तोळा, शेर आणि औषधाचा चमचा

इंदापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. माळ्यावरची पेटी आवरताना त्यांना सासूबाईंची जुनी वही सापडली. तिच्यात लोणच्यापासून ओव्यांपर्यंत सगळे आहे आणि मधेच एक खोकल्याचे चूर्ण आहे. "खडीसाखर दोन तोळे, जेष्ठमध एक तोळा, बेहडा अर्धा तोळा, सुंठ तीन मासे, पिंपळी दीड मासा. कुटून वस्त्रगाळ करावे. चिमूटभर मधातून चाटवावे. अंगात कसर असल्यास त्रिभुवनकीर्ती गुंजभर." घरात दहा महिन्यांचा नातू खोकतो आहे, यजमानांनाही खोकला आहे, पण त्यांना साखर आहे. हे चूर्ण दोघांना चालेल का, आणि तोळा म्हणजे नेमके किती ग्रॅम धरायचे, असे त्या विचारतात. सराफाकडे विचारले तर तो दहा ग्रॅम म्हणाला, गावातले वैद्य बारा म्हणाले.

गंमत अशी की दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि वहीतला तोळा या दोन्हींपेक्षा वेगळा आहे.

ज्यांच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया आहे त्यांनी तो हातात घेऊन पाहावा. तो रुपया म्हणजेच तोळा. इंग्रजी अमदानीत १८३३ साली १८० ग्रेनचा तोळा ठरवण्यात आला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला जाऊ लागला. आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. म्हणूनच जुनी माणसे 'रुपयाभार हळद' म्हणत. घरात वजन नसले तरी रुपया असायचा, निदान शेजारी तरी असायचा. अर्धा तोळा हवा तर अधेली, पाव तोळा हवा तर पावली पारड्यात टाकायची. नाणे घासून झिजले असेल तर तोळाही झिजलेला, पण घरगुती कामाला तेवढे चालून जाई.

पुढचे कोष्टक साठीच्या पुढच्या वाचकांना आजही तोंडपाठ असेल. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पाच तोळ्यांची छटाक, दहा तोळ्यांचे नवटाक, वीस तोळ्यांचा पावशेर, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. ग्रॅममध्ये सांगायचे तर गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम, मासा एका ग्रॅमला किंचित कमी, छटाक ५८ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम, शेर ९३३ ग्रॅम आणि मण ३७ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास. बारामतीच्या मंडईत आजही 'पावशेर मिरची द्या' म्हटले की २५० ग्रॅमचे वजन पडते. शब्द जुना राहिला, वजन सतरा ग्रॅमने वाढले. गिऱ्हाइकाचा त्यात फायदाच आहे, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

परंतु हे झाले पक्क्या शेराचे. कच्चा शेर निराळा, आणि गावोगावी निराळा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, म्हणजे पावणेतेरा किलोही नव्हे. एकाच 'मण' या शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक! शिवाय आपल्याकडे धान्य तोलत नसत, मापत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर मापाचा, वजनाचा नव्हे. मापी शेरभर बाजरी आणि मापी शेरभर पोहे तागडीत घातले तर पोह्यांचे पारडे वरच राहणार. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत 'शेरभर खारीक पूड, पावशेर डिंक' लिहिलेले असते, त्यातला शेर मापी की वजनी हे लिहिणाऱ्या आजीला ठाऊक होते, वाचणाऱ्या सुनेला नाही. लाडू थोडे कडक होतील, इतकेच. लाडवाने कोणाचे बिघडत नाही. औषधाने बिघडते.

सरकारने १९५६ साली कायदा करून मेट्रिक वजने आणली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने ती बाजारात आली आणि १९६२ पर्यंत देशभर सक्तीची झाली. त्यानंतर सराफांनी हिशेबाच्या सोयीसाठी तोळा दहा ग्रॅमचा धरला. आयुर्वेदाच्या औषधनिर्मितीसाठी सरकारी योगसंग्रहात गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा एक ग्रॅम आणि तोळा बारा ग्रॅम असे गोल आकडे घेतले गेले. सराफ दहा आणि वैद्य बारा म्हणाले ते यामुळे. वैद्यकात तर ही भानगड फार जुनी आहे. शार्ङ्गधराच्या ग्रंथातही मागधमान आणि कालिंगमान अशी दोन मापे दिली आहेत. वैद्याने कोणते मान धरले हे कळल्याशिवाय पाठ वाचण्यात अर्थ नाही.

आता वहीतले चूर्ण पाहू. खडीसाखर दोन तोळे, पुढचे जिन्नस दर वेळी निम्म्याने कमी. सितोपलादी चूर्णाचे प्रमाणही असेच आहे. सोळा भाग खडीसाखर, आठ भाग वंशलोचन, चार भाग पिंपळी, दोन भाग वेलदोडे, एक भाग दालचिनी. अशा पाठात तोळा दहाचा धरा, बाराचा धरा, नाहीतर वाटी घेऊन वजनाचे भाग पाडा, औषध तेच होते. जुन्या लोकांची ही हुशारी मला फार आवडते. ज्या काळी प्रत्येक पेठेचा शेर निराळा होता त्या काळी औषध 'भागां'त सांगितले की ते पैठणहून बारामतीला सुखरूप पोहोचत असे. अट एकच, सगळे भाग एकाच तोळ्याने मोजायचे. खडीसाखर सराफी तोळ्याने आणि पिंपळी वैद्यकी माशाने घेतली की घोटाळा झालाच.

मात्र याच प्रमाणातून दुसरी गोष्ट दिसते. एकतीस भागांत सोळा भाग साखर! म्हणजे चूर्ण निम्म्याहून अधिक साखरच आहे. चहाच्या चमचाभर चूर्णात दीड-एक ग्रॅम साखर जाते. हे फार नाही. पण ते चमचाभर मधातून घेतले की आणखी पाच-सहा ग्रॅमची भर पडते आणि दिवसातून तीनदा घेतले की वीस ग्रॅमच्या घरात पोहोचतो. मधुमेह्याने 'औषधच तर आहे' म्हणून हे मोजायचे सोडू नये. पत्रलेखिकेच्या यजमानांनी खडीसाखर वगळून आणि मधाऐवजी कोमट पाण्यातून चार दिवस घेतले तर साखरेच्या दृष्टीने हरकत नाही. त्यांना रक्तदाबही असेल तर मात्र जेष्ठमध नको. जेष्ठमध बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. पंधरा दिवसांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला कुठलेच घरगुती चूर्ण न घेता थुंकी तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तपासणी मोफत होते.

नातवाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, चाटण म्हणूनही नको. मधात कधीकधी बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते तग धरत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढतात आणि तयार होणाऱ्या विषाने मूल लुळे पडते. प्रकार दुर्मीळ आहे, पण ज्या घरात घडेल त्या घराला दुर्मीळ या शब्दाचा काय उपयोग? जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची चालही म्हणूनच सोडावी. दहा महिन्यांचे बाळ खोकते आहे, त्याची पोटे उडत असतील, श्वास जोरात चालत असेल किंवा ते दूध घेत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राहिली गुंजभर त्रिभुवनकीर्ती. ही गोळी आपल्या भागात घरोघरी डब्यात सापडते. तिच्यात बचनाग असतो. बचनाग शुद्ध करून घेतात हे खरे, तरी ते मुळात हृदयावर काम करणारे जहाल विष आहे. ज्या औषधाचे माप तोळ्यात किंवा माशात नसून गुंजेत सांगितले आहे ते औषध जपून वापरायचे, एवढे त्या मापावरूनच ओळखावे. भस्मे आणि रसौषधी गुंजेत मोजतात, सुंठ-पिंपळी माशात, काढ्याची भरड तोळ्यात. लहान वजन ही एक प्रकारची सूचनाच होती. आज सगळ्याच गोळ्या बोटाच्या पेरावर मावतात, त्यामुळे ती सूचना नाहीशी झाली. थायरॉईडच्या गोळीत १०० मायक्रोग्रॅम औषध असते. एका गुंजेत अशा बाराशे गोळ्यांचे औषध मावेल. गोळी मात्र दिसायला साध्या तापाच्या गोळीसारखीच. म्हणून 'पाव गोळी, अर्धी गोळी' असा अंदाजाचा खेळ आपल्या मनाने करू नये.

गुंजेचा विषय निघालाच आहे तर एक धोका सांगून ठेवतो. सोनाराच्या तागडीत पडणारी लाल, काळ्या टिपक्याची गुंज आपल्याकडे कुंपणांवर, ओढ्याकाठच्या झुडपांवर चढलेल्या वेलीला येते. मुले ती वेचतात, माळा करतात. हे बी विषारी आहे. अख्खे गिळले गेले तर कठीण टरफलामुळे ते बहुधा तसेच शौचावाटे पडते. पण चावून फोडले, किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज पोटात गेली, तर आतले ॲब्रिन नावाचे विष बाहेर पडते. उलट्या, रक्ताचे जुलाब काही तासांनी सुरू होतात, कधी दुसऱ्या दिवशी. या विषावर उतारा नाही. तेव्हा उलटीची वाट पाहत घरी बसू नये, मूल हसतखेळत असले तरी उरलेल्या गुंजा बरोबर घेऊन रुग्णालयात न्यावे. निमगाव केतकीकडच्या पानमळ्यांची पाने आवडीने खाणारे मला विचारतील की विड्यात गुंजेचा पाला घालतात त्याचे काय? तो गोड पाला वेगळा, बी वेगळे. एकाच वेलीवर दोन्ही असतात म्हणून दोन्हींचा गुण एक नाही.

बाळगुटीतही माप असते, पण ते वजनाचे नव्हे, वळशांचे. सहाणेवर वेखंडाचा एक वळसा, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा अर्धा. आजीच्या हाताला त्याचा अंदाज होता. तिचा हात गेला आणि वळशांचे आकडे तेवढे राहिले. नव्या सहाणेवर, जोर लावून उगाळलेल्या जायफळाच्या एका वळशाने जुन्या चार वळशांइतका गर निघू शकतो. त्याने बाळ गुंगते, आणि घरची मंडळी 'गुटी मानवली, कसे छान झोपले आहे' म्हणून खूश होतात! पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये हे मी दर बाळंतिणीला सांगतो. गुटीतल्या जिनसांपेक्षा न धुतलेल्या सहाणेने होणारे जुलाब अधिक पाहण्यात येतात.

जुनी मापे गेली म्हणजे गोंधळ संपला, असे मात्र समजू नका. कच्चा शेर आणि पक्का शेर आज औषधाच्या दुकानात जाऊन बसले आहेत. तापाच्या पॅरासिटामॉलचे पातळ औषध तीन प्रकारांत मिळते. एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. नाव एकच, चव गोड, रंगही तसाच. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागते. पहिल्या बाटलीतून ते सहा मिलिलिटर, दुसरीतून तीन, थेंबांतून दीड. थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर एका चमच्यात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून अधिक औषध जाते. ताप उतरत नाही म्हणून असे दोन दिवस चालले की यकृताला इजा होते. थोरल्याची बाटली धाकट्याला देताना आधी आकडा वाचा. दोन बाटल्या घेऊन दवाखान्यात या आणि विचारा, कोणी रागावणार नाही.

आणि तो चमचा! औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा. घरातले चहाचे चमचे तीनपासून सातपर्यंत काहीही भरतात, पोह्यांचा चमचा तर त्याहून मोठा. बाटलीबरोबर आलेले टोपण किंवा मापाची नळी फेकू नये. मुलाच्या खेळण्यात ती गेली असेल तर औषधाच्या दुकानातून सुईविना साधी पिचकारी आणावी, थोड्या पैशांत मिळते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात.

इन्सुलिनची गोष्ट याहून गंभीर. आपल्याकडे बाटलीतले बहुतेक इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, काही १०० युनिटचे. दोन्हींसाठी पिचकाऱ्या वेगळ्या. चाळीसच्या पिचकारीचे टोपण लाल, शंभरच्या पिचकारीचे नारिंगी. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या पिचकारीत वीसच्या रेघेपर्यंत भरले तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. रात्री साखर एकदम उतरते, घाम सुटतो, माणूस बरळतो, बेशुद्ध होतो, आणि घरचे समजतात की वारे गेले. उलट चाळीसचे इन्सुलिन शंभरच्या पिचकारीने घेतले तर विसाऐवजी आठच युनिट जातात आणि 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार सुरू होते. बाटलीवरचा आकडा आणि पिचकारीवरचा आकडा एकच आहे ना, हे दर नव्या खरेदीला ताडून पाहावे. दुकान बदलले, गावाला गेलात, मुलाने पुण्याहून पिचकाऱ्या पाठवल्या, अशा वेळी तर नक्कीच.

आता जरा स्वयंपाकघरात येऊ. मिठाचे रोजचे प्रमाण माणशी पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चांदीच्या अधेलीपेक्षाही थोडे कमी. रोज कोण तोलणार? त्यापेक्षा किराण्याची यादी पाहा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो मीठ पुरायला हवे. किलोची पिशवी चाळीस दिवस चालली तर ठीक, वीस दिवसांत संपली तर घरातल्या रक्तदाबाचे कारण शोधायला फार लांब जायला नको. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ या पिशवीत धरलेले नाही, हेही ध्यानात घ्या. तेलाचे तसेच. दिवसाला माणशी वीस ग्रॅम धरले तर पाच जणांना महिन्याला तीन किलो. पूर्वी तेल छटाक-नवटाकीने आणत, त्यामुळे हात आपोआप आखडता राही. पंधरा किलोचा डबा घरात आला की फोडणीचा हात मोकळा सुटतो.

साखरेबद्दल आपल्या भागात बोलणे अवघड. नीरेच्या कालव्यावर ऊस, सभोवती कारखाने आणि दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर! वरून घातलेली साखर दिवसाला माणशी पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे दोन तोळ्यांहून थोडी जास्त. पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो, आणि यात चहा, शिरा, बिस्किटे, थंड पेये सगळे आले. चहाचे चार कप, कपाला दोन चमचे, इथेच एका माणसाचे पंचवीस ग्रॅम ओलांडले जातात. बारामतीच्या गुळाचा अभिमान मलाही आहे, पण 'मला साखर आहे म्हणून मी गुळाचा चहा घेतो' असे सांगणाऱ्या रुग्णांना सांगावेसे वाटते की गुळातही बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तीही तशीच वाढवते.

जाता जाता 'तोळामासा प्रकृती' या शब्दाविषयी. क्षणात तोळा, क्षणात मासा, अशी जिची गत ती नाजूक प्रकृती. हल्ली घरोघरी वजनाचे यंत्र आले आहे आणि काही जण रोज दोनदा त्यावर उभे राहून तोळामासा मोजतात. सकाळ-संध्याकाळच्या वजनात किलोभर फरक पडणे स्वाभाविक आहे, तो पाण्याचा, जेवणाचा असतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी केलेले वजन पुरे. याला एक अपवाद आहे. ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांनी रोज वजन करून कॅलेंडरवर लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, साचलेले पाणी आहे. पायाला सूज दिसण्याआधी ते काट्यावर दिसते, आणि त्या वेळी दवाखान्यात आले तर बहुधा गोळी वाढवून भागते. उलट, प्रयत्न न करता सहा महिन्यांत साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले तर रक्तातली साखर, थुंकी आणि छातीचा फोटो, या तीन तपासण्या आधी करून घ्याव्यात.